वाटीतलं तेल

देवापुढे दिवा लावणं हे घरातलं सगळ्यात सोपं काम. चार वर्षांची पोरसुद्धा ते करते. मी मात्र ते अठरा वर्षं टाळलं, आणि टाळण्यात इतकी तरबेज झाले की कोणाला संशयही आला नाही. माहेरी असताना तिन्हीसांजेला मी नेमकी म्हशीची धार काढायला जायचे. सासरी आल्यावर त्याच वेळी भाकरी थापायला बसायचे आणि पिठाचे हात दाखवायचे. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "सून कामाला वाघ हाय, पर देवाधर्माला जरा कमीच." देवावर माझा विश्वास नव्हता असं मात्र नाही. उलट जरा जास्तच होता. देव आपलं बोलणं शब्दन् शब्द ऐकतो, हे मला सातव्या वर्षीच कळलं होतं, आणि तेव्हापासून मी त्याच्यासमोर तोंड उघडायचं बंद केलं होतं.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, डोंगराच्या पोटाशी वसलेलं छोटं गाव. आमच्या मळ्यात पायऱ्यांची जुनी विहीर आहे. आजही डोळे मिटले की ती मला दिसते ती माझ्या लहानपणची. पायऱ्या उतरायला लागलं की भर उन्हाळ्यातसुद्धा अंगाला गार हवा लागायची. पाण्यावरचं ऊन भिंतींवर हलत असायचं, कपारींतून पारवे घुमायचे, आणि वर, आभाळाच्या तुकड्यात, मोटेचं चाक कुरकुरत फिरत असायचं. तेव्हा पंप नव्हते. चामड्याची मोट जाड नाड्याला बांधून विहिरीत सोडायची आणि बैलांनी ओढून वर आणायची. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, दिवसभर मोट हाकायचे. पाण्याच्या वरच्या पायरीजवळ एका कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड होते. त्या साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. गावातल्या बायका त्यांना भीत आणि त्यांच्याकडेच मागणं मागत. मला त्या दगड कधी वाटल्याच नाहीत. ओल्या लुगड्यांच्या सात बायका पाठमोऱ्या बसल्यात आणि हाक मारली तर वळून बघतील, असंच वाटायचं.

त्या वर्षी दादांनी मुंबईला गिरणीत जायचं मनावर घेतलं होतं. रात्री जेवताना आई आणि ते हळू आवाजात बोलायचे आणि मी आल्यावर गप्प व्हायचे. एका सकाळी आईनं मला घरात उरलेलं वाटीभर करडईचं तेल दिलं आणि म्हणाली, चाक फार कुरकुरतंय, दादांना नेऊन दे. मी मळ्यात गेले, पण वर न जाता आधी विहिरीत उतरले. बायका नवसाला दिवा लावतात हे मी पाहिलं होतं. कोनाड्यातल्या पणतीत मी जवळजवळ सगळी वाटी ओतली. वात अजून धुमसत होती, कोणीतरी सकाळीच दिवा लावून गेलं असावं. फुंकर घातल्यावर ती पेटली. मी हात जोडले आणि म्हटलं, दादांना मुंबईला जाऊ देऊ नका, त्यांना इथंच ठेवा. मग वर येऊन तळाशी तेल माखलेली वाटी दादांच्या हातात दिली. ते म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "आईनं एवढंच दिलं." ते हसले. "तुझी आय लय चिक्कू हाय गं," म्हणाले आणि बोटानं वाटी पुसून तेवढं तेल चाकाला लावलं.

ऊन चढल्यावर चाक पुन्हा ओरडायला लागलं. भरलेली मोट वर आली होती. दादांनी बैल थांबवले, ते विहिरीच्या काठावरच्या फळीवर आले आणि चाकाकडे वाकून बघायला लागले. तेवढ्यात चाकाचा लोखंडी कणा मोडला. चाक निसटलं, मोटेच्या वजनानं नाडा सपकन खाली गेला आणि त्याच्या झटक्यानं दादाही गेले. मी दहा हातांवर उभी होते, हातात वाटी होती. आवाज झाला, मग पारवे उडाले आणि मग काहीच ऐकू आलं नाही. मी ओरडले नाही. लोक धावत आले तेव्हाही मी वाटी घट्ट धरून उभीच होते.

मी रडले नाही याचं त्या दिवसांत सगळ्यांना कौतुक वाटलं. "पोरगी शानी हाय," असं म्हणत भेटायला येणारी माणसं माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. महिनाभर मी बोलले नाही, तेही शहाणपणातच जमा झालं. घरात पुन्हा कोणी त्या दिवसाचा विषय काढला नाही. चुलत्यांनी मळा बघायला घेतला, आईनं पांढरं कपाळ घेऊन कामाला जुंपून घेतलं, आणि मी मनात एक हिशेब पक्का करून टाकला. चाकाचं तेल मी देवाला दिलं. दादांशी खोटं बोलले, तेही शेवटचं. आणि आसरांनी माझं ऐकलं. इथंच ठेवा म्हटलं होतं, त्यांनी इथंच ठेवलं.

सात वर्षांच्या पोरीचं हे गणित मी पंचवीस वर्षांची झाले तरी तपासून पाहिलं नाही. ते माझ्या अंगातच मुरलं होतं. कुठं चाक कुरकुरलं, रहाट वाजला, एसटीच्या खिडकीची काच थरथरली की माझा श्वास छातीत अडकायचा, बोटं बधिर व्हायची आणि समोरचं माणूस बोलत असलं तरी त्याचे नुसते ओठ हलताना दिसायचे. मग थोड्या वेळानं मी परत यायचे. मधे काय झालं ते आठवायचं नाही. स्वप्नात त्या सात जणी यायच्या. ओल्या पदरांतून पाणी ठिबकत असायचं आणि सगळ्यांचे हात पुढे पसरलेले असायचे. त्या आणखी काहीतरी मागतायत अशा समजुतीनं मी पळत सुटायचे. लग्न होऊन कडेगावजवळच्या गावात गेले तेव्हा विहिरीचं पाणी आणायला नको म्हणून मी घरातली सगळी जड कामं अंगावर घेतली. माझे यजमान दूर मद्रासला, त्यांच्या मेव्हण्यांच्या गलाईच्या दुकानात सोनं गाळायच्या कामाला होते. वर्षातून एकदा यायचे. सोनं गाळणारा माणूस पत्रातले शब्दही गाळूनच लिहायचा, पण त्या चार ओळींत माया असायची. एकदा ते घरी असताना माझा श्वास अडकला आणि ते घाबरून मला सांगलीच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर वयस्कर आणि शांत होते. त्यांनी तपासून झाल्यावर विचारलं, "लहानपणी काही झालं होतं का?" मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बोलावंसं वाटलं तर कधीही या म्हणाले.

बहात्तरच्या दुष्काळात मला दिवस राहिले होते. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आले आणि फाल्गुनात मुलगी झाली. विहिरीत तोवर थेंबही उरला नव्हता. पिण्याचं पाणी मैलावरून आणावं लागत होतं. गावभर लोक आभाळाकडे बघून उसासे टाकत होते आणि मला, सांगायला लाज वाटते, मनातून सुटल्यासारखं वाटत होतं. पण बाळ पाळण्यात घातलं त्या दिवशीच ते सुटणं संपलं. पाळण्याच्या कड्या कुरकुरल्या. तोच आवाज होता. माझ्या हातातून दोरी सुटली आणि आईनं पाळणा धरला. त्यानंतर मी पाळण्याजवळ गेले नाही. बाळाला पाजायचे आणि लगेच आईकडे द्यायचे. त्याला न्हाऊ घालायची वेळ झाली की माळ्यावर काहीतरी शोधायला जायचे. पाणी बाळाच्या तोंडावरून ओघळताना मला बघवायचं नाही. सगळ्यात जास्त भीती वाटायची ती माझ्याच मनाची. ही माझ्याजवळ राहू दे, असं एकदा जरी मनात आलं तरी कोणीतरी ते ऐकेल आणि आपल्या पद्धतीनं पुरं करील, असं वाटायचं. म्हणून मी तिच्यासाठी काहीच मागितलं नाही. तिच्याकडे नीट बघितलंही नाही.

माझ्या थोरल्या नणंदेला मूल नव्हतं. विट्यात तिचं घर, माणूस सोन्यासारखं. बाळंतविडा घेऊन आली तेव्हा तिनं माझी अवस्था बघितली आणि जाताना भीत भीत म्हणाली, "वैनी, तुमची तब्येत सुधरंपर्यंत लेकरू मी नेऊ का? जिवापाड जपीन." मी चटकन हो म्हटलं. इतक्या चटकन की तिलाही आश्चर्य वाटलं. यजमानांना पत्र गेलं. उत्तर आलं, तुला बरं वाटेल तसं कर. सव्वा महिना झाला की ती बाळाला न्यायला येणार असं ठरलं. आईनं मला काही विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धतच राहिली नव्हती.

सव्वा महिन्याला बाळंतिणीनं विहिरीवर जाऊन आसरांची ओटी भरायची असते. ती भरल्याशिवाय तिनं पाण्याच्या घागरीला हात लावायचा नाही आणि बाळाला गावच्या वेशीबाहेर न्यायचं नाही. विहीर कोरडी आहे तर ओटी कशाची, असं मी म्हणून पाहिलं. आई म्हणाली, "पानी न्हाई म्हनून बाया गेल्या का कुटं?" चुलत्यांनी त्याच आठवड्यात माणसं लावून विहिरीतला गाळ काढून घेतला होता, पाणी काही लागलं नव्हतं. चुलती माझ्याबरोबर उतरणार होती, पण आदल्या दिवशी तिला तापानं धरलं. आई विधवा, तिनं ओटी भरायची नसते. शेवटी सकाळी दहाच्या सुमाराला आई बाळाला घेऊन विहिरीच्या काठावरच्या बाभळीखाली बसली आणि सूप माझ्या हातात दिलं. त्यात खण, नारळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या होत्या, आणि एक वाटी तेल. नणंद तिसऱ्या दिवशी येणार होती. बाळाला तिच्याबरोबर धाडायचं तर मला उतरणं भाग होतं. मी बाळाला सोडायला निघाले होते आणि त्याचीच तयारी करायला त्या पायऱ्या उतरत होते.

उतरताना काय वाटलं ते मला धड सांगता येणार नाही. पायऱ्या पूर्वीपेक्षा लहान झाल्या होत्या. भिंतींवरचं हलणारं ऊन नव्हतं, जिथं पाणी असायचं तिथं नुसती सावली होती. पारवे मात्र तसेच घुमत होते. मी एक एक पायरी मोजत होते आणि मोजता मोजता पाय कोणाचे आहेत तेच कळेनासं झालं होतं, माझे की त्या सात वर्षांच्या पोरीचे. कोनाड्यापाशी आले तर तिथं आधीच कोणीतरी बसलेलं होतं.

एक म्हातारा माणूस होता. मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलेलं, अंगावर जुनी बंडी, हात मोठे आणि काळे. त्याच्यासमोर विहिरीतून निघालेल्या वस्तू मांडल्या होत्या, कारण विहिरीत सापडलेलं आधी आसरांपुढे ठेवायची आमच्याकडे रीत आहे. एक चेपलेला तांब्या होता, बैलाच्या गळ्यातली एक घंटा होती आणि एक गंजलेली लोखंडी दांडी, दोन तुकड्यांत मोडलेली. म्हाताऱ्यानं कोरड्या पणतीत वात ठेवलेली होती. माझी चाहूल लागताच त्यानं वळून बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला दिसत होता. तो म्हणाला, "पोरी, वाईच तेल हाय का गं? माझी बाटली वाटंत सांडली. बूच ढिलं निघालं."

माझ्या हातात वाटी होती. मी ती पुढे केली असती तर झालं असतं. पण हात पुढे होईना. माझ्याच तोंडून, पण माझ्या नसलेल्या आवाजात शब्द आले, "हे चाकाचं तेल हाय. दादांस्नी द्यायचं हाय."

म्हाताऱ्यानं मान पुढे करून माझा चेहरा निरखला. मग म्हणाला, "तू ती पोर व्हय."

मी तिथंच पायरीवर बसले आणि अठरा वर्षांत कोणालाही न सांगितलेलं सगळं त्या अनोळखी माणसाला सांगितलं. पणतीत ओतलेलं तेल, दादांना सांगितलेलं खोटं, आणि आसरांकडे मागितलेलं मागणं. सांगताना मी रडत होते की नाही ते आठवत नाही. माझं संपल्यावर म्हाताऱ्यानं त्या गंजलेल्या दांडीचा एक तुकडा उचलून माझ्यासमोर धरला. मोडलेल्या टोकाजवळ लोखंडाचंच एक कडं आवळलेलं होतं, बांगडीसारखं.

"ह्यो कणा हाय, तुझ्या बाच्या मोटंचा," तो म्हणाला. "आनि ही बांगडी माझ्या हातची. मी ह्या गावचा लोहार व्हतो. त्यो जायच्या दोन दिस आदी अवस व्हती. अवसंला बैलं जुपत न्हाईत, म्हनून तुझा बा मोकळा व्हता. कणा घिऊन आला. मधोमध चिरलावता. पर अवसंला आमीबी भाता पेटवत न्हाई. त्यो लय गयावया करत व्हता, म्हनला पीक वाळतंया. मग मी गारच बांगडी ठोकून दिली वरनं. म्हनलं, दोन दिसांनी ये, ताव दिऊन नीट जोडून दितो. त्यो म्हनला, येतो. आनि तिसऱ्या दिशी मानसंच सांगत आली."

वर कुठंतरी एक पारवा घुमत होता. "मी अवस पाळली," तो म्हणाला, आणि पुन्हा एकदा तेच म्हणाला. त्यानंतर त्यानं वर्षभरात गाव सोडलं होतं. गाळ काढणाऱ्या माणसांत त्याचा भाचा होता, त्याच्याकडून विहीर उघडी पडल्याचं आणि लोखंड सापडल्याचं कळलं, म्हणून दोन दिवस चालत तो आला होता. आपल्या हातचा जोड एकदा डोळ्यांनी बघायचा आणि दिवा लावून जायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

मी म्हटलं, "पर तेल दिलं असतं तर?"

त्यानं मान हलवली. "तेलानं कुरकुर थांबती, पोरी. चिरलेला कणा जुळत न्हाई. घागरभर वतलं असतंस तरी त्यो मोडनारच व्हता." मग मी न विचारताच कोनाड्याकडे हात करून म्हणाला, "सात वर्साची पोर म्हनती, माझ्या बाला घरी ठेवा. त्याचा राग कुनाला यील? बायाच हायत की त्या. त्यास्नी कळत नसंल व्हय?"

एवढे मोठे हात, आयुष्यभर घण उचललेले, आणि त्यांना तो लोखंडाचा तुकडा पेलवत नव्हता. मला त्याची फार दया आली. मी काही विचार न करता म्हणाले, "बाबा, तुमी काय जानूनबुजून केलं का? पुढं काय हुनार ते तुमास्नी काय ठावं? जे रीतीचं वाटलं ते केलंसा." मी जरा मोठ्यानंच बोलले असेन. विहिरीत बोललेलं परत येतं. माझाच आवाज चारी भिंतींना लागून माझ्याकडे परत आला, जानूनबुजून केलं का, काय ठावं. म्हातारा ऐकत होता आणि मीही ऐकत होते. ते वाक्य मी त्याला दिलं होतं, पण ते मलाही लागू होतं हे मला तेव्हा, त्या पायरीवर बसल्या बसल्या कळलं. मग मात्र मी रडले. अठरा वर्षांचं रडणं होतं, त्याला वेळ लागला.

दिवा आम्ही दोघांनी लावला. मी तेल ओतलं, त्यानं काडी ओढली. अर्धी वाटी पणतीत गेली आणि अर्धी मी वाटीतच ठेवली. मी ओटी भरली. सात दगडांवर सात ठिकाणी हळदकुंकू वाहताना पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की त्यांतला सगळ्यात धाकटा दगड अगदी लहान आहे, माझ्या मुलीच्या मुठीएवढा. त्याला स्पर्श केला तेव्हा तो ओलसर लागला. माझ्या हाताचा घाम असेल, नाहीतर कुठं झरा पाझरत असेल. मी तपासायला गेले नाही. म्हाताऱ्यानं कण्याचे दोन्ही तुकडे कोनाड्याच्या पायथ्याशी ठेवले, मुंडासं बांधलं आणि माझ्या आधी पायऱ्या चढून गेला.

मी वर आले तेव्हा तो निघून गेला होता. आई बाभळीखाली बसली होती आणि तिचा चेहरा भिजला होता. विहिरीतलं बोलणं काठावर स्पष्ट ऐकू येतं, हे मी विसरले होते. तिनं बाळाला मांडीवर नीट केलं आणि म्हणाली, "मी तुला कवा इचारलं न्हाई. मला वाटलं तू इसरली असशील. इचारलं तर आठवंल म्हनून गप बसली." मी तिच्याजवळ बसले. ती पुढे म्हणाली, "त्या दिशी तुझा बा न्याहारीला घरी येऊन हसत सांगून गेला व्हता, तुझ्या लेकीनं तेल देवाला वतलं वाटतं, हाताला शेंदूर लागलाय तिच्या." म्हणजे दादांना माहीत होतं. त्यांना माझं खोटं कळलं होतं आणि ते त्यावर हसले होते. अठरा वर्षं मी ज्या वाक्यासाठी स्वतःला क्षमा करत नव्हते, ती क्षमा त्या दिवशी सकाळीच होऊन गेली होती, फक्त माझ्यापर्यंत पोचली नव्हती.

तिसऱ्या दिवशी नणंद आली तेव्हा मी अंगणात पाटावर पाय लांब करून बसले होते आणि माझी मुलगी माझ्या नडग्यांवर पालथी झोपली होती. पाणी दोनच तांबे होते. वाटीतल्या उरलेल्या तेलानं मी तिचं अंग रगडलं, टाळू भरली, आणि त्यातले दोन थेंब आधीच पाळण्याच्या कड्यांना सोडून आले होते. नणंद दारात उभी राहिली. तिच्या काखेत पिशवी होती, त्यातून नव्या दुपट्यांची टोकं डोकावत होती. सगळी भीती गेली होती असं नाही. तरी मनात आलं ते मी अडवलं नाही. ही माझ्याजवळ राहू दे, मी मनात म्हटलं, आणि ज्यांनी ऐकायचं त्यांनी खुशाल ऐकावं असं ठरवलं. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते का आलं हे मला कळत होतं. तिला मी हो म्हटलं होतं. मी काही बोलायच्या आत तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि तांब्या उचलला. "तुमी चोळा वैनी," ती म्हणाली, "पानी मी वतती. लय गार न्हाई न्हवं?" संध्याकाळच्या गाडीनं ती एकटी परत गेली. दुपटी मात्र इथंच ठेवून गेली.

या गोष्टीला आता सहा वर्षं होतील. पुढच्या पावसात विहीर भरली, आता तिच्यावर इंजिन बसलंय. म्हातारा पुन्हा दिसला नाही. त्याच्या भाच्याकडे निरोप ठेवला होता, त्यावर काही उत्तर आलं नाही. लोक मला म्हणतात, आसरांनीच त्याला धाडला. मी वाद घालत नाही. चुलतीला नेमका त्याच दिवशी ताप का यावा आणि त्याच्या बाटलीचं बूच नेमकं त्याच वाटेवर का ढिलं व्हावं, हे मला ठाऊक नाही. मी सांगलीच्या त्या डॉक्टरांकडे पुन्हा गेले आणि या वेळी सगळं सांगितलं. अधूनमधून अजून जाते. श्वास कधी कधी अजून अडकतो, पण आता मी कुठं जाते ते मला माहीत असतं आणि परतीची वाटही सापडते. स्वप्नातल्या सात जणी क्वचित येतात. हात तसेच पुढे केलेले असतात. आता मी पळत नाही, म्हणून त्यांच्या हातांकडे नीट बघता येतं. त्यांच्या ओंजळीत माझी वाटी असते. त्या मागत नव्हत्या, परत देत होत्या.

देवावर भार टाकणं म्हणजे काय ते मला पोथ्यांतून कधी समजलं नाही. मला एवढंच उमगलं की, मी घट्ट धरून बसले होते ती वाटी सोडायची होती, आणि सोडायला मला एका थकलेल्या माणसाचे हात लागले. त्याचे उपकार मी रोज दिवा लावताना आठवते. पण दिवा आता मी एकटी लावत नाही. माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि तेल ओतायचा हट्ट तिचाच असतो. परवा तिच्या हातून वाटी कलंडली आणि सगळं तेल देव्हाऱ्यासमोर फरशीवर पसरलं. ती घाबरून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "सांडू दे. तुझ्यामुळं काही होत नाही." मग मी बोट त्या तेलात बुडवून तिच्या टाळूला लावलं, आणि आम्ही दुसरी वाटी आणायला आत गेलो.